बोटावर नाचणारी बिजली

"आधी हिला नाचताना बघा, डॉक्टरबाई. मग काय ते बोला."

वाल्मिकने स्नेहल डॉक्टरांना स्कूटरही धड उभी करू दिली नाही. त्या शहापूरहून बिजलीच्या रक्ताचा रिपोर्ट घेऊन आल्या होत्या. तो वाईटच असणार, हे त्यांच्या गप्प चेहऱ्यावरून वाल्मिकने स्वतःच ठरवून टाकलं होतं.

बिजली म्हणजे त्याची वरातीची घोडी. तिचं नाक वाहत होतं. घोड्यांना ग्लँडर्स नावाचा नाकाचा रोग होतो, त्याला औषध नाही, माणसालाही तो लागतो, आणि तो ठरला की सरकारी माणसं येऊन इंजेक्शन देतात नि घोडं खड्ड्यात पुरतात, एवढं ज्ञान गावात पोचायला मोबाइल पुरला. ज्यांनी बिजलीपुढे शर्टाची बटणं तुटेस्तोवर नाच केला होता, ते आता दारावरून नाकाला रुमाल लावून जात. सरळगावच्या एका वरपित्याने तर नवरदेवाला ट्रॅक्टरवर बसवलं आणि वर निरोप धाडला, की बिजलीच्या तब्येतीची फार काळजी वाटते. कोण आपलं किती, याचा हिशेब घोडीच्या शेंबडाने वाल्मिकला परस्पर मांडून दिला. शेवटी उरली शेजारची जनाबाई. तीही कुंपणापलीकडूनच.

"रे वाल्मिक, बाईंना बोलू तरी दे!"

"तू गप गो. तिकडूनच बघ."

रक्त घ्यायला आल्या तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, नाक कधीपासून वाहतंय. "चारच दिवस झाले, थंडी बाधली," असं वाल्मिकने ठोकून दिलं होतं. रोज उजाडताच तो ओल्या फडक्याने तिची उजवी नाकपुडी पुसायचा. तोंडाचा वास मारायला गुळात वेलदोडे घालून चारायचा. ते फडकं किती जुनं, हे त्याला ठाऊक आणि फडक्याला ठाऊक.

त्याने लगाम हातात घेतला. उजव्या दोरीवर एक बोट टेकवलं. फक्त टेकवलं.

बिजलीने मान आभाळाकडे फेकली. पुढचे पाय उचलले, जागच्या जागी गिरकी घेतली, खुरांखालची माती उडाली. जनाबाई तोंडावरचा पदर धरायची विसरली.

"रोगी जनावर असं नाचल काय, बाई? बँड लागत नाय हिला. पयले झटके मारून मारून माझा खांदा गेला, तवा कुठं जरा मान हलवायची. आता शिकली. नुसतं बोट पुरतं! किन्हवली ते मुरबाड, असं दुसरं जनावर दाखवा मला." त्याचा आवाज चढत गेला आणि मधेच फाटला. "हिला नका नेऊ, बाई."

"कोण नेतंय? रिपोर्ट चांगला आलाय. ग्लँडर्स नाही."

वाल्मिक मटकन दगडावर बसला. लगाम तेवढा हातात राहिला. कुंपण ओलांडून पहिली आली ती जनाबाई. "मी म्हणतच होते," ती म्हणाली. ती असं काहीही म्हणत नव्हती.

डॉक्टर मात्र हसल्या नाहीत. त्या बिजलीकडे बघत होत्या. नाच थांबला तरी तिचा जबडा रिकामाच हलत होता, मान एका बाजूला कलली होती. गव्हाणीपाशी अर्धवट चावलेल्या गवताचे ओले गोळे पडले होते.

"हे गोळे रोज पडतात?"

"लाडावलीय. अर्धं खाते, अर्धं टाकते."

"लगाम तसाच राहू द्या. धरा तिला."

त्यांनी बिजलीच्या ओठाची उजवी कड मागे ओढली आणि आत टॉर्च मारला. जो वास बाहेर आला, त्याला गूळ पुरला नाही नि वेलदोडेही. जनाबाई आली त्याच्या दुप्पट वेगाने कुंपणापलीकडे गेली. वरची पहिलीच दाढ चिरलेली होती, काळी पडलेली. हिरडी सुजून टम्म. आणि लगामाचं लोखंड नेमकं तिलाच भिडलेलं.

"दाढ सडलीय. चिरेतून जंतू मुळापर्यंत गेलेत. तिथे पू होतो आणि तोच नाकात उतरतो. दाढ काढू, औषध देऊ. बरी होईल."

"म्हंजे जगल?"

"जगेल की."

वाल्मिकने डोळे पुसले. हाताशी फडकं होतं, त्यानेच पुसले. मग त्याला धंदा आठवला. "आणि परत अशीच नाचल ना?"

डॉक्टरांनी टॉर्च बंद केला. उलट विचारलं, "नुसतं बोट पुरतंय, ते कधीपासून?"

"तुळशीच्या लग्नापासून!" वाल्मिकने छाती काढली. "सीझनच्या पयल्याच वरातीत. झटका मारायच्या आधीच उडाली. लोक बघत ऱ्हायले."

"आणि नाक? आता खरं सांगा."

"नाक तर..." वाल्मिक म्हणाला, "नाक पण तवाच..."

बिजली त्याच्याकडे बघत नव्हती. ती त्याच्या हाताकडे बघत होती. त्याचं बोट अजून दोरीवर होतं.

त्याने ते उचललं, तशी बिजलीने मान खाली सोडली.