हेंड्रिकसरांची दाद

"अभिनंदन," म्हणत लहूने हेंड्रिकसरांच्या मुलीचा हात हातात घेतला. इथे वाढदिवसाला घरातल्या प्रत्येकाचं अभिनंदन करायचं असतं, एवढं तो पंधरा वर्षांत शिकला होता. मुलगी क्षणभर गोंधळली. मग म्हणाली, "आभारी आहे."

खुर्च्या गोल मांडलेल्या. कॉफी होती, केक होता. बोलत कुणीच नव्हतं.

"वाढदिवसाला ही सुतकी तोंडं?" लहू मराठीत पुटपुटला.

"डच आहेत. यांचा आनंद असाच असतो," धम्मदीपा म्हणाली. "गप्प बस. माझा घसा सुकलाय."

नवऱ्याच्या, लहूच्या नोकरीमागे ती हार्लेमला आली. पहिल्या हिवाळ्यात घर खायला उठलं, म्हणून चर्चच्या गॉस्पेल गायकवृंदात गेली. बौद्ध घरातली, देव न मानणारी. पण त्याला आर्त हाक मारण्यात तिचा हात कुणी धरत नसे. पुढे कॅफेंतून ब्लूज गायली, दोन अल्बम निघाले, पेपरात फोटो आले. शिकवलं सगळं हेंड्रिकसरांनी. 'छान' तेवढं कधी म्हणाले नाहीत.

परवा त्यांचाच फोन आला. "गुरुवारी अकराला ये. घरचे सगळे असतील. तुझं नदीचं गाणं म्हण. उशीर नको." वाढदिवसच असणार, असं दोघांनी धरलं.

आज तरी म्हणतील, या आशेवर ती आली होती.

सर खुर्चीत शाल पांघरून बसले होते. पार वाळले होते. तिने डोळे मिटले आणि गायली. मुलगी हुंदके देऊ लागली. जावई खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. जमलं, धम्मदीपाला वाटलं.

"सर?"

"नाही," सर म्हणाले. "शेवट उरकलास. गाडी पकडायची होती का?"

"पुन्हा म्हणू?"

"आज नको. घरी जा, घासून ये. पुढच्या गुरुवारी ऐकतो."

भर माणसांत. धम्मदीपाच्या डोळ्यांत पाणी आलं. लहूने तिचा कोट उचलला. "चल, दीपा. हा म्हातारा मरेपर्यंत सुधारायचा नाही."

ती दोघं दाराशी पोचली, तोच मागे मुलीने किंकाळी फोडली आणि वडिलांच्या गळ्यात पडली. कोपऱ्यातला एक अबोल गृहस्थ उठून सरांसमोर बसला.

"हेंड्रिक, डॉक्टर म्हणून मला स्पष्ट विचारावं लागतं," तो म्हणाला. "ठरलेलं इंजेक्शन द्यायचं नाही. तुम्हाला आज मरायचं नाही. बरोबर?"