चार नंबरची दोरी

मॅनेजरसाहेबांनी दोरी ओढली आणि काहीच झालं नाही.

घंटा वाजली नाही. लाल दिवा लागला नाही. पट्टा आपला सरकत राहिला आणि त्यावरच्या व्हीलचेअर एकामागून एक पुढे गेल्या. त्यांनी पुन्हा ओढली, जरा जोरात. वरून फक्त धूळ पडली, तीही नेमकी नव्या कोटावर.

अकरा वाजता पाहुणे येणार होते. मुख्य कचेरीतल्या संचालकबाई आणि बाकीच्या चार कारखान्यांचे मॅनेजर. दोरीचं प्रात्यक्षिक हा कार्यक्रमाचा मानाचा भाग. लाइनवर प्रत्येकाच्या डोक्यावर अशी दोरी लोंबत होती. कामात खोट दिसली की ज्याने त्याने ती ओढायची. लाइन थांबायची. शेजारच्याने ‘बिघाड काय?’ असं विचारायचं आणि ओढणाऱ्याने तो सगळ्यांना ऐकू जाईल असा सांगायचा. साहेब या कारखान्यात येण्यापूर्वी घंटा दिवसातून चार-पाचदा वाजायची. ते आल्यापासून एकदाच वाजली होती. दारावरच्या फळ्यावर लाइन न थांबता गेलेल्या दिवसांचा आकडा असायचा. आजचा आकडा होता सत्त्याऐंशी.

आज सगळं नीट पार पडलं तर पाचही कारखाने साहेबांच्या हाताखाली येणार होते. भाषण तोंडपाठ होतं. ‘माणसं जपली की काम आपोआप जपलं जातं,’ अशी सुरुवात होती. आरशासमोर दोनदा म्हणूनही झालं होतं.

इलेक्ट्रिशियन शिडीवर चढला आणि तिथूनच ओरडला, “वायरच तुटलीय साहेब. जळमटं बघता दोन महिने तरी झाले असतील.”

“दोन महिने? मग मला कुणी सांगितलं कसं नाही?”

इलेक्ट्रिशियनला एकदम हातातला पेचकस फार बघण्यासारखा वाटायला लागला.

लाइनवरच्या चार नंबरच्या जागेवर मावशी ब्रेक बसवत होत्या. वयाने सगळ्यांत मोठ्या, म्हणून अख्ख्या लाइनच्या मावशी. साहेबांच्याही.

“मावशी, घंटा बंद आहे हे तुम्हाला माहीत होतं?”

“नाही बुवा. ओढून कोण बघतंय?”

“का? कुणी का ओढत नाही?”

मावशींनी पाना खाली ठेवला. “तुम्ही आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी ओढली होती. स्प्रिंग उलटी आलीय असं वाटलं. नव्हती. तुम्ही धावत आलात आणि चारचौघांत म्हणालात, ‘घरी मीठ कमी पडलं तरी अशीच घंटा वाजवता का?’ सगळे हसले. मीसुद्धा हसले. आणि कानाला खडा लावला. बाकीच्यांनीही लावला.”

साहेबांना आठवेना. मग आठवलं. वाक्य झकास जमलं म्हणून त्यांनी त्या दिवशी घरी बायकोलाही ऐकवलं होतं. बायको हसली नव्हती.

आणि मग त्यांच्या डोळ्यांसमोर चित्र आलं. ब्रेक न लागणारी खुर्ची, समोर उतार, खुर्चीत कुणीतरी बसलेलं. पुढचा विचार त्यांना करवेना.

“म्हणजे इतके दिवस खोट असलेल्या खुर्च्या तशाच बाहेर गेल्या?”

“काय बोलता, साहेब!” मावशी पहिल्यांदाच चिडल्या. “त्यात माणूस बसतं. या इकडे.”

त्या साहेबांना गोदामात घेऊन गेल्या. खोक्यांच्या मागे मोकळी जागा होती. दुपारी सगळे कामगार तिथे एकत्र डबा खायचे. ‘माझी माणसं एका कुटुंबासारखी जेवतात,’ असं साहेबांनी अहवालात लिहिलं होतं. आत मात्र ते आज पहिल्यांदाच येत होते.

तिथे सात खुर्च्या उभ्या होत्या. प्रत्येकीला एक चिठ्ठी चिकटवलेली. मावशींचं पेन्सिलीतलं गोलगोल अक्षर. ‘डावं चाक घासतं. दुरुस्त होईल.’ ‘ब्रेक ढिला. दुरुस्त होईल.’ कोपऱ्यातल्या एकीवर, ‘सांगाडा वाकडा. भंगार.’

“डबा दहा मिनिटांत संपतो,” मावशी म्हणाल्या. “उरलेली वीस मिनिटं आम्ही ह्या नीट करतो. एकही तशी बाहेर गेली नाही. तुमचा फळाही शाबूत राहिला.”

टोमणा मारायचा म्हणून त्या बोलल्या नव्हत्या. असत्या तर साहेबांना सोपं गेलं असतं.

अकराला पाहुणे आले तोवर वायर जोडून झाली होती. संचालकबाई फळ्यासमोर कौतुकाने थांबल्या. “सत्त्याऐंशी! हे कसं जमवलंत ते आम्हाला ऐकायचंय.”

साहेबांनी तोंड उघडलं. भाषणाचं पहिलं वाक्य काही केल्या बाहेर येईना. सगळे त्यांच्याकडे बघत होते. ते वळले, तडक चार नंबरवर गेले आणि त्यांनी दोरी ओढली.

घंटा घणघणली. पट्टा थांबला. अर्ध्या लाइनने माना खाली घातल्या आणि उरलेल्या अर्ध्या लाइनने मावशींकडे बघितलं, आज पाहुण्यांसमोर बाईने हे काय करून ठेवलं म्हणून. दोरी साहेबांच्या हातात आहे, हे ध्यानात यायला जरा वेळ लागला.

मावशींच्या तोंडून अठरा वर्षांच्या सवयीने निघून गेलं, “बिघाड काय?”

“मी,” साहेब म्हणाले. शेजारी मावशींनाच काय ते ऐकू गेलं. पण सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे असा नियम होता, म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं, मोठ्याने. “बिघाड माझ्यात आहे. सत्त्याऐंशी दिवस झाले.”

कुणीही हसलं नाही.

मावशींनी त्यांच्याकडे एकदा नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं. खोट असलेली खुर्ची आली की बघायच्या तसं. मग एप्रनच्या खिशातून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला, पेन्सिलीने दोन शब्द लिहिले आणि चिठ्ठी साहेबांच्या नव्या कोटावर चिकटवली.

संचालकबाईंनी पुढे होऊन वाचलं.

‘दुरुस्त होईल.’