ओनेलियाचं पातं

"समोर उभं राहा आणि सांगून टाका, मास्तर. ओनेलियाच्या बाबतीत दुसरा इलाज नाही," कॉफीचा कप एवारिस्तोच्या हातात देत नीवेस म्हणाली. "की होल्गिनला पोचल्यावर बहिणीच्या हाती निरोप धाडणार आहात?"

एवारिस्तो कसनुसा हसला. त्याचा आवाज रोज अख्ख्या सिगार कारखान्याला ऐकू जायचा, पण एका बाईशी दोन वाक्यं बोलणं काही त्याला जमायचं नाही. आज त्याचा इथला शेवटचा दिवस. उद्या सकाळच्या बसने तो बहिणीकडे कायमचा राहायला जाणार होता. तिच्या घरी त्याच्यासाठी एक खोली होती, आणि त्याचं वाचन ऐकायला एक पोपट.

इथे तरी कुणासाठी थांबायचं? बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरी गेल्यावर तो तोंडातून शब्द काढायचा नाही. एकट्याने बोलायला लागलो तर लोक वेडा म्हणतील, अशी त्याला भीती वाटायची. थांबावंसं वाटेल असं एकच माणूस या गावात होतं, आणि ते पहिल्या रांगेत बसायचं.

सिगार वळायच्या त्या लांबच लांब दालनात एवारिस्तो उंच चौथऱ्यावर बसून सकाळी वर्तमानपत्र आणि दुपारी कादंबरी कामगारांना वाचून दाखवायचा; तीच त्याची नोकरी. वळणाऱ्यांच्या माना तंबाखूच्या पानांवर झुकलेल्या असायच्या. वर असायची ती फक्त ओनेलियाची मान. रेमेदिओसहून ती इथे आली तेव्हापासून हे असंच चाललं होतं. तिची बोटं पानं जुळवायची, गुंडाळायची, अर्धगोल पात्याने टोक छाटायची, आणि डोळे मात्र सारा वेळ एवारिस्तोच्या चेहऱ्यावर. इतकं टक लावून त्याच्याकडे आजवर बायकोनेही पाहिलं नव्हतं.

वाचन आवडलं की सगळे आपापलं पातं समोरच्या फळीवर वाजवायचे. इथली टाळी ती हीच. ओनेलियाचं पातं सगळ्यांच्या मागून, एक क्षण उशिरा वाजायचं. ती अजून गोष्टीतच अडकलेली असते, म्हणून उशीर होतो, असं एवारिस्तोला वाटायचं. त्या एका टकटकीसाठी तो कादंबरीची पानं घरी मनातल्या मनात पाठ करून यायचा, म्हणजे तिच्याकडे बघत वाचता यायचं.

एकदा त्याने धीर केला होता. बाजारात ती पुढे चाललेली दिसली, तेव्हा मागून चांगली खणखणीत हाक मारली. अख्ख्या बाजाराने वळून पाहिलं, ओनेलियाने नाही. बिचाऱ्याने नको असलेले कांदे घेतले आणि घर गाठलं. बाईमाणसाला चारचौघांत हाक मारणं बरं नव्हे, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. कारण दुसऱ्या दिवशी तीच चौथऱ्यापाशी येऊन, जरा मोठ्यानेच, "कालचं छान होतं, मास्तर," म्हणाली होती. तेवढ्यावर त्याने महिनाभर काढला.

"समोर जाऊन मला जमायचं नाही," तो नीवेसला म्हणाला. "मी माझ्या पद्धतीने विचारीन."

"तुमची पद्धत देव जाणे!" नीवेस म्हणाली आणि ओनेलियाशेजारच्या आपल्या जागेवर जाऊन बसली.

दुपारी कादंबरीचं शेवटचं प्रकरण निघालं. एक खलाशी बेट कायमचं सोडून चालला आहे. त्याला निरोप द्यायला सगळा गाव भांडी वाजवत धक्क्यावर येणार आहे. पुस्तकातला खलाशी मनातलं कुणाला न सांगताच बोटीत चढतो. एवारिस्तोने मात्र त्याच्या तोंडी घालायला चार-पाच वाक्यं स्वतः रचून आणली होती.

ती जागा आली. ओनेलिया बघत होती. तिच्या डोळ्यांत बघून हे आपल्याच्याने बोलवणार नाही, हे त्याला कळून चुकलं. त्याने पुस्तक दोन्ही हातांनी उचललं, थेट तोंडापुढे धरलं, आणि त्याच्याआडून तो वाचू लागला.

"'सगळे वाजवून मला निरोप देतील. देऊ देत. तू मात्र हात आवर. तुझा एकटीचा हात थांबलेला दिसला, तर मी जाणार नाही. इतके दिवस पहिल्या रांगेत बसून जिने माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे माझं एवढंच मागणं आहे.'"

बोटीच्या धक्क्यावर कसली आलीय पहिली रांग! मागे कुणीतरी खुदकन हसलं. पुस्तक खाली न घेताच एवारिस्तोने उरलेलं प्रकरण कसंबसं संपवलं.

पाती वाजू लागली. आधी मागच्या रांगा, मग मधल्या, मग सगळं दालन दणाणून गेलं. नीवेस ओंजळीत तोंड लपवून बसली होती. एवारिस्तोने पुस्तक हळूच खाली घेतलं.

ओनेलियाचे हात थांबलेले होते.

तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग पातं उचललं आणि फळीवर वाजवलं. नेहमीसारखंच, सगळ्यांच्या मागून.

झालं. विचारलं होतं, उत्तर मिळालं होतं. त्याला तिचा राग आला नाही. फक्त आतून सगळं रिकामं झाल्यासारखं वाटलं, आणि आपण फार म्हातारे आहोत हे एकदम कळलं. त्याने चष्मा आणि पुस्तक पिशवीत टाकलं, भेटेल त्याच्याशी हसून हात मिळवला आणि तो पायऱ्या उतरला.

मागून कुणीतरी त्याच्या कोपराला हात लावला. ओनेलिया होती. तिच्या हातात रिबिनीने बांधलेली सिगारची जुडी होती, तिने स्वतः वळलेली.

"लोभ असू द्या," जुडी घेत एवारिस्तो रस्त्याकडे बघून पुटपुटला.

ती वळसा घालून त्याच्या अगदी समोर येऊन उभी राहिली.

"मास्तर, आज शेवटी काय वाचलंत हो?" ती जरा मोठ्यानेच म्हणाली. "नीवेस ढसाढसा रडतेय. विचारलं तर म्हणते, त्यांनाच जाऊन विचार. सगळ्यांनी वाजवलं म्हणून मीही वाजवलं. पण नेमकं शेवटालाच तुम्ही पुस्तक तोंडापुढे धरलंत. ओठच दिसले नाहीत, तर मला बहिरीला कळणार कसं?"