इथे कार्ड चालत नाही

गोकुळदासनी कार्ड विठ्ठलच्या नाकासमोर धरलं. विठ्ठलने ते घेतलं नाही. त्याचे हात टाकीखालच्या चिखलाने भरले होते.

“साहेबानू, ह्या चलना नाय,” तो म्हणाला.

“अरे, हे कार्ड दुबईत चालतं. तुझ्या पिशवीत चालत नाही?”

विठ्ठल दोडामार्गचा. डिचोलीतल्या एका प्लंबिंगच्या दुकानात कामाला होता. सकाळी टाकीखालचा व्हॉल्व्ह फुटला आणि पाणी हॉलच्या नव्या रंगावरून खाली उतरलं, तेव्हा गोकुळदासच्या बायकोने, संजनाने, फोन करून त्याला बोलावून घेतलं. कुठल्या दुकानातून, हे तिच्या नवऱ्याने विचारलं नाही. असल्या लोकांची चौकशी करायची गोकुळदासना सवय नव्हती. विठ्ठलने पाणी बंद केलं, फुटका तुकडा कापून काढला, नवा व्हॉल्व्ह पायरीवर आणून ठेवला आणि थांबला. आधी पैसे, मग फिटिंग, असं त्याला दुकानातून बजावलं होतं.

घरात पाण्याचा थेंब नव्हता. आणि फोंड्याहून पाहुणे निघालेले. मुलाला, निहारला, मुलगी द्यायची की नाही, ते आज ठरणार होतं. गोकुळदासनी त्या लोकांना सगळं आधीच सांगून ठेवलं होतं. मये गावातलं घर, नारळी-पोफळीचं कुळागर, खाण कंपनीतली आपली जुनी नोकरी आणि एकुलता एक मुलगा. त्यातलं एकुलता एवढंच खोटं होतं. थोरली मुलगी खाणीवरच्या एका ट्रक ड्रायव्हरशी लग्न करून निघून गेली, त्या दिवशी त्यांनी सांगितलं की तिचं नाव या घरात पुन्हा कोणी काढायचं नाही. कोणी काढलं नाही. शेजारीसुद्धा सांभाळून बोलत.

संजना म्हणाली, फोनवरून पाठवा आणि मोकळे व्हा. निहारने ती सोय त्यांच्या फोनात करून दिली होती. विजेचं बिल ते त्यावरूनच भरत. पण आता ते ऐकेनात. बँक कार्ड देते ती माणसाची पत बघून, असं त्यांनी विठ्ठलला समजावून सांगितलं. स्कॅनर काय, ऑम्लेट-पावच्या गाड्यावरही लटकलेला असतो. विठ्ठल ऐकत होता आणि नखांतला चिखल काढत होता.

मग गोकुळदासनी पाकिटातल्या नोटा काढून पायरीवर टाकल्या. विठ्ठलने त्या उचलल्या, शर्टाला पुसल्या आणि परत त्यांच्या हातात दिल्या. रोकडही नको होती.

“ह्या घरात फक्त स्कॅनर, असां बायन सांगल्यान हा.”

बाय म्हणजे दुकानाची मालकीण. गोकुळदास हसले. एक बाई, तीही नळाच्या दुकानात बसणारी, आणि तिने नियम घालायचे. विठ्ठलने दुकानात फोन लावला, तेव्हा ते दारापुढच्या बाल्कांवातून मोठ्याने म्हणाले, “सांग तुझ्या त्या बाईला. नळ जोडणाऱ्यांनी नळ जोडावेत. पैसे कसे द्यायचे ते आम्हाला शिकवू नये.”

विठ्ठलने तेवढा वेळ फोन त्यांच्याच दिशेने धरला, म्हणजे पुन्हा सांगायचा त्रास नको.  पलीकडून बाई थोडंसं काही बोलली. विठ्ठलने फोन कानाशी तसाच दाबून दुसऱ्या हाताने व्हॉल्व्ह उचलला आणि पिशवीत टाकला.

पाहुण्यांपैकी कोणी संडासाला जायचं म्हटलं तर घागर घेऊन पुढे कोण जाणार, तुम्ही की मी, असं संजनाने नवऱ्याला विचारलं. तेवढ्यात फाटकाशी गाडी वळली. मुलीचे वडील पांडुरंगबाब बायकोसह खाली उतरले.

गोकुळदासचा चेहरा एका क्षणात बदलला. हसत हसत त्यांनी खिशातून फोन काढला आणि विठ्ठलला म्हणाले, आण रे बाबा तुझा स्कॅनर. पाहुण्यांकडे वळून त्यांनी सांगितलं की आपण हल्ली रोकड बाळगतच नाही, सगळं असं फोनवर. पांडुरंगबाबनी मान डोलावली. या वयात हे जमतं म्हणजे कौतुकच, असं ते बायकोला म्हणाले.

विठ्ठलने पिशवीतून स्कॅनरचा पत्रा काढून समोर धरला. गोकुळदासनी त्यावर फोन नेला. पडद्यावर इंग्रजी मोठ्या अक्षरांत नाव आलं.

गौरवी गोकुळदास नार्वेकर.

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पोरीने खात्यावरचं नाव बदललं नव्हतं. मधलं नाव त्यांचंच होतं.

त्यांचं बोट पडद्याच्या वर तसंच राहिलं. त्यांनी संजनाकडे पाहिलं. ती पाहुण्यांना खुर्च्या देत होती. तिने एकदा वळून नवऱ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात भीती अजिबात नव्हती.

विठ्ठलला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पैसे भलत्याच माणसाला जातात, मग भांडणं होतात, म्हणून गिऱ्हाईकाकडून आधी नाव वाचून घ्यायचं, ही दुकानाची रोजची रीत. त्याने कानाशी धरलेला फोन पुढे केला.

“नाव काय येतां, साहेबानू? वाचा. बाय लायनीर आसा.”

पांडुरंगबाब कौतुकाने बघत होते. पाणी बंद होतं. गोकुळदासनी खाली बघून, ओठ जेमतेम हलवत, ते नाव वाचलं.

विठ्ठलने फोन आणखी जवळ नेला.

“जरा मोठ्यान, साहेबानू. बायक आयकाक येवक नाय.”