ओट्याखालचा झरा

ओट्याखालची फरशी ओली दिसली अन् चिंधूचा आनंद पोटात मावेना. संत्र्याच्या बागेत तीन बोअर कोरडे गेले, अन् इथं घरातच पाणी!

"मामाजी, अंगणाचा उतार घराकडं आहे. तेच पाणी मुरून राहिलं," सून हिमानी म्हणाली.

"तू चूप राय! इथंच पाणाड्याच्या हातावर नारळ उभा झाला ना!"

फरशी उखडली. हातभर खड्ड्यात पाणी झिरपताच चिंधूनं हळदकुंकू वाहिलं, मोहगावच्या जावयाले फोन लावला, अन् साऱ्या गल्लीदेखत पहिली ओंजळ तीर्थ म्हणून घटाघटा प्यायला.

"गोड आहे का, भाऊ?" शेजाऱ्यानं विचारलं.

चिंधूच्या मिशीवर फेस आला होता.

"अवो, लागलं का पाणी?" अंगणातून चिंधूची बायको कलाबाई ओरडली, अन् धुण्याची बादली तिथंच उपडी केली.