तळाची डबी

“राख लागली का गं?” खड्ड्याच्या काठावरून सरांनी विचारलं.

राख नव्हतीच. मध्ययुगातली ही वाटसरूंची सराई शत्रूने जाळली, असं सरांचं गाजलेलं पुस्तक सांगत होतं. गेल्या वर्षी चर्चासत्रात ‘पुरावा कुठाय?’ म्हणत लोक त्यांना हसले, म्हणून मी सगळ्यांशी भांडून उत्खननाची परवानगी आणली. सरांनी आखून दिलेल्या जागी चिंचेची मुळं आडवी आली, तेव्हा त्यांना न विचारताच मी खड्डा जरा अलीकडे घेतला. माती मात्र नको तितकी मऊ लागत होती.

तळाशी खुरपं अडलं. कॅमेऱ्याच्या रोलची काळी डबी. आत रुपयाचं नाणं, पुस्तक छापलं त्याच्या आदल्या सालचं.

खड्डा बुजवताना तळाशी चालू सालाचं नाणं ठेवायचं, म्हणजे पुढच्याला कळतं की इथं आधी कुणी खोदलंय, हे मला सरांनीच शिकवलं होतं. ते रोलच्या डबीत घालायची सवय फक्त त्यांची. म्हणजे त्यांनी इथं खोदलं होतं. राख नाही, हे डोळ्यांनी बघून मग पुस्तक लिहिलं होतं. आणि मी त्यांच्यासाठी जगाशी भांडले.

“सर, इथं आधी कुणी खोदलं होतं?”

“छे गं! पहिलं फावडं तुझंच.” त्यांनी हात पुढे केला. “ये वर, ऊन लागेल.”

मी त्या हातात डबी ठेवली.

आत काय आहे, हे त्यांनी विचारलं नाही. उघडूनही पाहिली नाही. नुसती मूठ मिटली.