हातांना आठवेल तसं

जन्मांध लेकीला बसचालकाने शिल्पवर्गात घातलं ते नाखुशीनेच. “तिला काय जमणार, बाई?” वर्गात कुणाचा हात थरथरायचा, कुणाला ऐकू यायचं नाही. माती, तार, चिंध्या, सँडपेपर सगळ्यांपुढे मांडून बाई म्हणाल्या, “घरातलं माणूस घडवा. हातांना आठवेल तसं.” महिनाभर पोरगी खपली. मातीचं नाक दोनदा गळून पडलं, बाई एवढंच म्हणाल्या, “पुन्हा लाव.” प्रदर्शनात त्यांनी बापाला डोळे मिटायला लावले आणि त्याची बोटं मूर्तीच्या चेहऱ्यावर ठेवली. कपाळाला तारेच्या आठ्या, गालांना खरखरीत सँडपेपर. बाप ओशाळला. “उद्यापासून रोज दाढी करतो, बाळा.” “नको, बाबा! मग तू घरी आलास ते मला झोपेत कळणार कसं?”  शेवटच्या फेरीहून परतल्यावर बाप रोज हळूच तिच्या गालाला गाल लावायचा. आजवर त्याला वाटायचं, तिला पत्ताच नाही.